बोअरचं पाणी, माशांची टाकी आणि गच्चीवरची स्ट्रॉबेरी

प्रश्न : आमचं घर बोरगावात, शेत दूधगंगेच्या बाजूला, सगळा ऊस. धाकटी मुलगी दुसरीत आहे. फेब्रुवारीत महाबळेश्वरला जाऊन आलो, तेव्हापासून ती घरी स्ट्रॉबेरी लावूया म्हणून मागे लागली आहे. मोबाईलवर पाहिलं की पाईपमध्ये माती न घालता स्ट्रॉबेरी येते आणि खालच्या टाकीत मासे सोडले की खतसुद्धा घालावं लागत नाही. आम्ही मासे खात नाही, पण पाळायला हरकत नाही. गच्ची रिकामी आहे, पाणी बोअरचं आहे. आमच्याकडे हे जमेल का?
(एक वाचक भगिनी, बोरगाव, ता. निपाणी)

उत्तर : ताई, स्ट्रॉबेरी येईल. ऑक्टोबरात रोपं लावलीत तर नाताळच्या आगेमागे मुलीच्या हातात पहिलं फळ पडायला हरकत नाही. पण मासे नकोत, पाईप नको आणि बोअरचं पाणीही नको. यातलं पाणी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

क्षारपड हा शब्द तुमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नदीकाठची काळी जमीन, वर्षानुवर्षं उसाला पाटानं सोडलेलं पाणी आणि शेताच्या सखल कोपऱ्यात पांढरी पडलेली ढेकळं तुम्ही पाहत आला आहात. अशा जमिनीतही ऊस बराच काळ तग धरतो. स्ट्रॉबेरीला ते जमत नाही. कोणतं पीक किती क्षार सोसतं, याचे शास्त्रज्ञांनी तयार केलेले तक्ते आहेत. मातीच्या अर्काची ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारं माप) १.७ च्या पुढे गेली की उसाचं उत्पन्न घटायला लागतं, आणि पुढे ईसी एकेक एककानं वाढेल तशी सहा टक्क्यांच्या आसपास घट होते. स्ट्रॉबेरीची घट १ पासूनच सुरू होते, आणि प्रत्येक एककाला तब्बल तेहतीस टक्के. म्हणजे ज्या पाण्यावर तुमचा ऊस डोलतो, त्याच पाण्यावर स्ट्रॉबेरीची पानं कडेनं करपतात.

माती काढून टाकली की ही अडचण संपते, असं अनेकांना वाटतं. खरं तर ती वाढते. काळ्या मातीत क्षार धरून ठेवण्याची थोडी ताकद असते. वाळूत किंवा नुसत्या पाण्यात असा कुणी मध्यस्थ नसतो, पाण्यात जे असेल ते थेट मुळापाशी. शिवाय खत म्हणजेसुद्धा क्षारच. स्ट्रॉबेरीला खतासकट पाण्याची ईसी १.२ च्या आसपास लागते. बोअरच्या पाण्यानं त्यातली एकाच्या आसपास जागा सोडियम, क्लोराईड आणि बायकार्बोनेटनं आधीच भरलेली असेल, तर खताला जागा उरणार कुठे?

तुमच्या बोअरचं पाणी नेमकं कसं आहे, हे इथे बसून मला सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र ते पाच मिनिटांत कळेल. घरोघरी पाण्याचा फिल्टर बसवणाऱ्या माणसाकडे टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचं पेन असतं. आकडा दीडशेच्या आत असेल तर निर्धास्त वापरा. अडीचशे-तीनशे असेल तर पावसाचं पाणी निम्मं मिसळा. पाचशे म्हणजे ईसी जवळपास १, ते पाणी स्ट्रॉबेरीला घालूच नका. पेन नसेल तर चहाच्या पातेल्याचा तळ पाहा. पांढरा थर जमत असेल तर पाणी जड आहे, आणि जड पाण्याचा दुसरा त्रास असा की त्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच हळूहळू वर चढतो. स्ट्रॉबेरीला ५.५ ते ६.५ मधला पीएच मानवतो. तो वर गेला की लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि माणूस आणखी खत घालत सुटतो.

यावर सगळ्यात चांगलं पाणी फुकट मिळतं, ते म्हणजे पावसाचं. दहा चौरस मीटर पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी होतं. चोवीस रोपांना हिवाळ्यात दिवसाला सहा लिटरच्या आसपास लागतं, म्हणजे ऑक्टोबर ते मार्चचा हंगाम हजार-बाराशे लिटरमध्ये निघतो. एक काळी टाकी पागोळीखाली ठेवा, पहिल्या दोन पावसांचं पाणी छपरावरची घाण घेऊन जाऊ द्या, मग भरून घ्या. तोंडाला डासांची जाळी आणि वर घट्ट झाकण लावा. उजेड आत गेला तर पाणी शेवाळतं. नळाला नदीचं पाणी येत असेल तर तेही बऱ्याचदा बोअरपेक्षा हलकं असतं. ते रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडून गेल्यावर वापरायचं.

आता हवामान. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, बोरगाव त्याच्या निम्म्याहूनही खाली. तिथली माती तांबडी आणि आम्लधर्मी, रात्री गार. इंग्रजांच्या काळात तिथे पोचलेलं हे फळ महाबळेश्वर, पाचगणी, भिलारच्या पट्ट्यात इतकं रुजलं की २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. पुस्तकांचं गाव म्हणून २०१७ पासून ओळखलं जाणारं भिलार त्याआधी स्ट्रॉबेरीचंच गाव होतं आणि आजही आहे. ते हवामान बोरगावात आणता येणार नाही, त्याची खंत नको. तिथेसुद्धा शेतकरी हे झाड वर्षानुवर्षं ठेवत नाहीत. परदेशातून मातृरोपं येतात, पावसाळ्यात त्यांच्या रनरपासून, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या फांद्यांपासून, नवी रोपं तयार होतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण होते आणि उन्हाळा तापला की प्लॉट मोडतात. तुम्हीही हे हंगामी पीक माना. कोथिंबीर संपली की आपण रडत बसत नाही, तसंच हे.

फुलं येण्यासाठी आपल्याकडे लावतात त्या जातींना लहान दिवस आणि गारवा लागतो. दिवसाची काळजी आपल्याला नाही. आपल्या अक्षांशावर जूनमधला मोठ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या पुढे जात नाही, थंडीत तर अकरा तासांवर येतो. अडचण फक्त उष्णतेची. दिवसा वीस ते पंचवीस अंश आणि रात्री दहा ते पंधरा असलं की झाड खुशीत असतं. नोव्हेंबर ते जानेवारी तुमच्याकडच्या रात्री त्याच्या जवळपास जातात. म्हणून जात लवकर फळणारी घ्या. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या दोन्ही फ्लोरिडा विद्यापीठात, म्हणजे उबदार प्रदेशात तयार झालेल्या जाती आहेत. महाबळेश्वर-वाईच्या रोपवाटिकांत त्या मिळतात.

पाईप का नको म्हणालो, ते अनुभवानं. आडव्या पाईपमधून खताच्या पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहता ठेवायची ती पद्धत इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी १९६० च्या दशकात बसवली. थंड देशात ती उत्तम चालते. मी काही वर्षांपूर्वी गच्चीवर तशीच तीस रोपं लावली होती. जानेवारीपर्यंत बघत राहावं अशी होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुपारी करंट गेला, मी बाहेर होतो. अडीच तासांनी पंप पुन्हा सुरू झाला, तोवर पानं माना टाकून बसली होती. पाणी दिल्यावर संध्याकाळी उठली, म्हणून मला हायसं वाटलं. चार-पाच दिवसांनी ती पुन्हा मलूल झाली, या वेळी पाणी असताना. एक रोप उचलून पाहिलं. पांढऱ्या सुतासारखी असणारी मुळं चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली होती, आणि चिमटीत धरून हलकं ओढलं तर वरची साल गळून मधला दोरा तेवढा हातात येत होता. टाकीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला तर ३१ अंश. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, अशा वेळी मूळकुजीची बुरशी जोर धरते. तीसच्या तीस रोपं आठ दिवसांत गेली. करंट जाणं आणि ऊन तापणं या दोन्ही गोष्टी आपल्याकडे ठरलेल्या आहेत, मग त्यांच्यावर अवलंबून असलेली पद्धत घ्यायचीच कशाला?

बिनमातीची शेती म्हणजे पाईप आणि पंप, ही समजूत व्हिडिओंनी पसरवली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिके यांनी १९३० च्या दशकात या शेतीला हायड्रोपोनिक्स हे नाव मिळवून दिलं. आपल्या देशात ती १९४६ मध्ये आली, तीही कालिम्पाँगसारख्या डोंगरी गावात. शोल्टो डग्लस या इंग्रज संशोधकानं तिथे जी पद्धत बसवली, ती बेंगाल सिस्टिम म्हणून ओळखली जाते. साधे वाफे, त्यात वाळू-खडी, वर मोजून पसरलेली खतं आणि हातानं घातलेलं पाणी. गरीब माणसाला, विजेशिवाय, आपल्या अंगणात भाजी काढता यावी हा त्यामागचा विचार होता. मला तो आजही सगळ्यात शहाणा वाटतो, आणि तुम्हाला मी त्याच वाटेनं जायला सांगतो आहे. फक्त खडीऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा.

लागतं ते एवढंच. रंगाच्या दहा लिटरच्या आठ रिकाम्या पांढऱ्या बादल्या, स्वच्छ धुतलेल्या. बुडाला आणि बुडालगत बाजूला बोटाएवढी सात-आठ भोकं. कोकोपीटची पाच किलोची एक वीट. ती भिजून फुगली की आठही बादल्या भरतात. एका बादलीत तीन रोपं, एकूण चोवीस. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका. किनाऱ्यावरच्या नारळाच्या सोडणात मीठ असतं. बादलीखालून निघणारं पाणी चहाच्या रंगाचं यायचं थांबेपर्यंत धुवा. नंतर साधारण शंभर ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून वीटभर कोकोपीट त्यात रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी पावसाच्या पाण्यानं धुऊन काढा. भुश्शाला चिकटलेलं सोडियम आणि पोटॅशियम त्यानं सुटतं, आणि पुढे दिलेलं कॅल्शियम भुसा खाऊन टाकत नाही.

आणि लावताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. रोप हातात धरा. खाली मुळं, वर पानांचे देठ, आणि दोन्हींच्या मध्ये करंगळीएवढा जाड गड्डा. त्याला क्राऊन म्हणतात. त्याच्या मध्यभागी घडी घातलेलं, लवदार, हरभऱ्याच्या दाण्याएवढं नवं पान असतं. हा गड्डा निम्मा भुश्शात आणि निम्मा वर असायला हवा, मधला कोंब कोरडा. खोल गेला तर तिथे पाणी साचून रोप आतून कुजतं. वर राहिला तर नवी मुळं हवेत वाळतात. घरी लावलेली निम्मी स्ट्रॉबेरी पहिल्या पंधरा दिवसांत याच एका चुकीनं जाते, असं माझं मत आहे.

पुढचं काम सोपं. सकाळपासून दुपारपर्यंत तीन-चार वेळा थोडं थोडं खताचं पाणी (त्याचं प्रमाण पुढच्या उत्तरात दिलं आहे), एवढं की बुडातून किंचित निथळेल. ते निथळ पाणी पुन्हा फिरवू नका, कढीपत्त्याला किंवा जास्वंदीला घाला. पहिल्या तीन आठवड्यांत आलेली फुलं आणि रनर खुडून टाका, म्हणजे झाड आधी बसतं. फेब्रुवारीपासून दुपारी पन्नास टक्क्यांची शेडनेट आणि बादल्यांभोवती ओलं गोणपाट. पाणी उडताना मुळांशी गारवा राहतो, माठात राहतो तसाच.

राहिले मासे. तुम्ही विचारलंत, माशांमुळे खरंच खत लागत नाही का. मासा खाद्य खातो, त्यातल्या प्रथिनांचा नत्र अमोनिया होऊन मुख्यतः त्याच्या कल्ल्यांतून पाण्यात येतो. हा अमोनिया माशालाच विषारी. पाण्यातले एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्रेट, आणि नायट्रेट झाड खातं. पाणी शुद्ध होऊन माशाकडे परत जातं. व्यवस्था खरोखर सुंदर आहे. पालक, कोथिंबीर, लेट्यूस त्यावर झकास येतात, कारण पानांना मुख्यतः नत्र लागतो. आपल्या कोल्हापूर भागातही या पद्धतीचं मोठं शेत उभं राहिलं, त्याचाही भर पालेभाज्यांवरच होता.

स्ट्रॉबेरीचं गणित वेगळं. फळ धरताना तिला पालाश भरपूर हवं, आणि माशांच्या खाद्यात ते थोडं. लोहही झाडाला पुरेसं मिळत नाही. त्यामुळे ते वरून घालावंच लागतं, म्हणजे खत लागत नाही ही गोष्ट इथेच संपली. जिवाणूंना पीएच सात-साडेसात आवडतो, स्ट्रॉबेरीला सहा. एकाला खूश करावं तर दुसरा रुसतो. पाण्याच्या तापमानाचंही तसंच. रोहू, कटला, तिलापिया हे उबदार पाण्यातले मासे, पंचवीस-तीस अंशांत वाढणारे. स्ट्रॉबेरीची मुळं बावीसच्या पुढे कुरकुरतात. आणि झाडावर कीड आली तर कडुनिंबाचं तेलसुद्धा हात राखून मारावं लागतं, कारण ते टाकीत उतरलं तर माशांना बाधतं. करंट जास्त वेळ गेला तर आधी मासे मरतात. मुलीनं नावं ठेवलेले मासे एका दुपारी पालथे तरंगताना तिनं पाहावेत, हे मला तुमच्या घरासाठी नको वाटतं.

मासे पाळायचेच असतील तर वेगळ्या टाकीत गोल्डफिश पाळा आणि दर आठवड्याला बदललेलं पाणी पालकाच्या कुंडीला घाला.

प्रश्न : आम्ही काकडी-टोमॅटोला ठिबकमधून १९:१९:१९ आणि १२:६१:०० सोडतो. तीच खतं बिनमातीच्या स्ट्रॉबेरीला चालतील का?
(एक शेतकरी, सदलगा)

उत्तर : नाही, दादा. १९:१९:१९ मधला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचं रूपांतर करून देतात, धुतलेल्या कोकोपीटमध्ये तेवढे जिवाणू नसतात. १२:६१:०० मधला नत्र अमोनियाच्या रूपातला, तो थंडीत मुळांना बाधतो. आणि दोन्हींत कॅल्शियम नाही. मातीत ते आपोआप मिळतं, इथे आपण दिलं नाही तर मिळणारच नाही. मग कोवळ्या पानांची टोकं जळतात आणि फळ मऊ पडतं.

पावसाच्या किंवा तितक्याच हलक्या शंभर लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ५० ग्रॅम, १३:००:४५ हे २५ ग्रॅम, ००:५२:३४ हे १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३० ग्रॅम, ईडीडीएचए लोह (सहा टक्क्यांचं) ३ ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्मअन्नद्रव्यांचं मिश्रण १ ते २ ग्रॅम. याची ईसी १.२ च्या आसपास येते. दहा लिटरच्या बादलीला सगळं दहा पटींनी कमी करा. त्यासाठी ग्रॅम दाखवणारा काटा हवा. हुपरी तुमच्या शेजारीच आहे, चांदीचं काम करणाऱ्या घरातून अर्ध्या तासासाठी काटा मिळाला तरी महिन्याभराच्या पुड्या बांधून होतील.

कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या तांब्यात विरघळवा आणि बाकीचं सगळं पूर्ण पाण्यात मिसळून झाल्यावर शेवटी ओता. दाट द्रावणात ते मॅग्नेशियम सल्फेटशी किंवा ००:५२:३४ शी एकत्र आलं की पाणी दुधासारखं होतं आणि तळाला पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे तुमचंच कॅल्शियम, आता झाडाच्या उपयोगाचं नाही. चोवीस रोपांच्या अख्ख्या हंगामाला कॅल्शियम नायट्रेट पाऊण किलो पुरतं, त्यामुळे पंचवीस किलोचं पोतं आणायच्या फंदात पडू नका. द्राक्ष किंवा ढोबळी करणाऱ्या शेजाऱ्याकडून किलोभर मागून घ्या.

प्रश्न : स्ट्रॉबेरीच्या अंगावरच्या बिया काढून पेरल्या तर रोप येतं का? आणि बिया बाहेर का असतात?
(नववीतला विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलास. एक स्ट्रॉबेरी हातात घे आणि भिंगातून बघ. प्रत्येक पिवळसर टिपका एका छोट्या खळग्यात बसलेला दिसेल, आणि त्याला केसासारखं एक वाळकं शेपूट असेल. ते फुलातल्या स्त्रीकेसराचं उरलेलं टोक. म्हणजे ज्याला आपण बी म्हणतो तेच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं खरं फळ, आणि त्याच्या आत बी. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ, पुष्पासन. एका स्ट्रॉबेरीवर अशी शे-दोनशे फळं असतात.

जे. पी. निच या शास्त्रज्ञानं १९५० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कोवळ्या फळावरचे टिपके त्यानं टोकदार हत्यारानं काढून टाकले, तर फळ फुगायचंच थांबलं. काही टिपके ठेवले तर फक्त त्यांच्याखालचा गर फुगला. टिपक्यांतून ऑक्झिन हे संप्रेरक गराला मिळतं, हे त्यातून कळलं. आता तुझ्या लक्षात येईल की घरच्या स्ट्रॉबेरीला एका बाजूनं खड्डा का पडतो, ती वाकडी का होते. त्या बाजूच्या स्त्रीकेसरांवर पराग पडला नाही, तिथले टिपके रिकामे राहिले, गर फुगला नाही. उघड्या गच्चीवर फुलोरी मधमाशा हे काम करतात. बंद गॅलरीत मात्र सकाळी दहाच्या सुमाराला चित्रकलेच्या मऊ कुंचल्यानं प्रत्येक फुलाच्या मधल्या पिवळ्या घुमटावरून हळूच गोल फिरवायचं. फूल तीन-चार दिवस उमललेलं असतं, रोज एकदा फिरव. बोरगावच्या ताईंच्या मुलीलाही हेच काम द्यावं, मोठ्यांपेक्षा मुलांचा हात हलका असतो.

बी पेरलं तर रोप येतं, पण आईसारखं येत नाही. आजची स्ट्रॉबेरी मुळातच संकर आहे. १७१४ मध्ये फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता दक्षिण अमेरिकेतल्या चिलीहून मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची पाच रोपं जपून फ्रान्सला घेऊन आला. ती मादी निघाली. फुलं येत, फळ धरत नसे. शेजारी उत्तर अमेरिकेतली छोट्या फळाची दुसरी जात लावली गेली तेव्हा तिचा पराग मिळाला आणि फळं धरली. त्या दोघींच्या बियांतून आजची स्ट्रॉबेरी जन्मली. ती संकर आहे हे द्युशेन या तरुण फ्रेंच अभ्यासकानं १७६६ मध्ये मांडलं. म्हणून बियांतून नवनवी अनोळखी झाडं येतात, आणि हवी ती जात टिकवायची तर रनरवरचं रोपच घ्यावं लागतं. प्रयोग म्हणून पेर जरूर, पण फळाची घाई करू नकोस.

प्रश्न : आमच्याकडे तंबाखूची पावडर, काड्या सहज मिळतात. मावा पडला तर तंबाखूचं पाणी मारू का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : नका मारू. निकोटिन हे जबरदस्त कीटकनाशक आहे यात शंका नाही, आणि तेवढंच ते माणसाला विषारी आहे. निकोटिन सल्फेटच्या वापरावर देशात बंदी आहे, ती उगाच नाही. घरी उकळलेल्या काढ्यात ते किती उतरलं हे मोजायला काही साधन नसतं, आणि स्ट्रॉबेरीला साल नाही की सोलून खावी. मुलं झाडावरून तोडून थेट तोंडात घालतात.

मावा आणि लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूला असतात. सकाळी पान उलटं करून पाण्याची बारीक जोरदार धार मारा, तीन-चार दिवस लागोपाठ. त्यानं भागलं नाही तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून, ऊन उतरल्यावर, उमललेली फुलं टाळून. भुरीचा पांढरा डाग दिसला तर ते पान लगेच काढा. जुनी, जमिनीला टेकलेली पानं दर आठवड्याला काढत राहिलात तर निम्मे रोग येतच नाहीत. आणि बुलबुलांसाठी जाळी आत्ताच आणून ठेवा. फळ पुरतं लाल व्हायच्या आदल्या दिवशी ते हजर होतात.

प्रश्न : यात धंदा आहे का? एक कंपनी पूर्ण संच बसवून देते म्हणते.
(एक तरुण, चिकोडी)

उत्तर : घरच्या गच्चीवर धंदा नाही. चांगली निगा राखली तर एका रोपाला हंगामात पाव किलो फळ धरा, चोवीस रोपांचं सहा किलो. तुमचं फळ तयार होतं त्याच दिवसांत महाबळेश्वरचं फळ कोल्हापूर आणि बेळगावच्या बाजारात आलेलं असतं. त्यांच्या भावाशी तुमच्या गच्चीची स्पर्धा होऊ शकत नाही. कर्ज काढून संच घेऊ नका. आधी आठ बादल्यांवर एक हंगाम काढा, पाणी आणि मार्चचं ऊन काय करतं ते स्वतः बघा, मग बोलू.

तरीही घरी का लावावी, याचं कारण चवीत आहे. स्ट्रॉबेरी आंबा-केळ्यासारखी तोडल्यावर पिकत नाही. तोडताना जेवढी गोडी असेल तेवढीच. बाजाराला पाठवायचं फळ प्रवासात टिकावं म्हणून खांद्याशी पांढरट असतानाच तोडावं लागतं. घरी मात्र देठाखालची कडसुद्धा लाल होईपर्यंत थांबता येतं. सकाळी, ऊन चढायच्या आत, हिरव्या टोपीसकट तोडायचं.

बोरगावच्या ताईंना शेवटची विनंती. रोपांची मागणी ऑगस्टातच नोंदवा, कारण सप्टेंबरअखेर चांगली रोपं संपतात. आणि टाकी धुऊन पागोळीखाली गौरी-गणपतीच्या आत ठेवा. परतीच्या पावसावर भरवसा ठेवून थांबलात तर ऑक्टोबरात पुन्हा बोअरपाशीच उभं राहावं लागेल.